आवाज बंद करून घेतलेला पाठ

वर्गातल्या सगळ्या मुलांनी एकदम हात वर केले की मी सावध होतो. अशा वेळी बाकीच्या शिक्षकांना कृतार्थ वगैरे वाटतं, असं मी ऐकून आहे. मला वाटतं, इथं कुठंतरी पाणी मुरतंय.

हा स्वभावाचा दोष म्हणा, पण तो मला धंद्यानं दिला. मास्तर होण्याआधी बरेच हंगाम मी पांढरकवड्याच्या एका जिनिंगवर ग्रेडर होतो. गाडी आली की कापूस बघायचा आणि प्रत ठरवायची, एवढंच काम. बाहेरच्या माणसाला सोपं वाटतं. पण गाडीच्या वरच्या थरातला कापूस नेहमीच पांढराशुभ्र असतो. कवडी, म्हणजे किडका पिवळट कापूस, मध्ये असते आणि ओल तळाला. म्हणून कोपरापर्यंत हात आत घालायचा, खालून मूठभर ओढायचा आणि मग तोंड उघडायचं. हात आत गेला की गाडीवाला हटकून चहाची गोष्ट काढतो. चहाची गोष्ट निघाली की हात आणखी आत घालायचा, हे मला आमच्या म्हाताऱ्या ग्रेडरनं शिकवलं होतं.

आमच्या घरात तीन पिढ्या कचेरीत टेबलामागे बसलेल्या. वडील तहसीलमध्ये होते. मुलगा कापसात हात घालतो हे त्यांना सांगवत नसे, ते लोकांना 'कॉटनमध्ये आहे' म्हणत. हंगाम संपला की मी मोकळा, आणि मोकळा मुलगा घरात कुणालाच नको असतो. शेवटी तिशी उलटून गेल्यावर मी बी.एड.ला नाव घातलं. वर्गात माझ्यापेक्षा दहा-दहा वर्षांनी लहान मुलंमुली होती आणि ती मला पहिल्या दिवसापासून 'भाऊ' म्हणू लागली.

कॉलेजात सुरुवातीलाच अध्ययनाच्या उपपत्ती आल्या. एका शास्त्रज्ञानं कुत्र्याला घंटा ऐकवून लाळ गाळायला लावली. दुसऱ्यानं दाणे टाकून कबुतरांना बटणं दाबायला शिकवलं. तिसऱ्यानं आपल्याच लेकरांना समोर बसवून ती विचार कसा करतात ते पाहिलं. चौथा म्हणाला, मुलाला आधी आधार द्या आणि मग तो हळूहळू काढून घ्या. मी सगळं वहीत उतरवत होतो, पण मनात येत होतं की यांच्यापैकी एकालाही पत्र्याच्या छताखाली खच्चून भरलेला पाचवीचा वर्ग आणि बाहेरून येणारा खिचडीचा वास मिळालेला दिसत नाही.

सगळ्यात मान होता ज्ञानरचनावादाला. नाव अवजड आहे, पण म्हणणं एवढंच की ज्ञान बाहेरून ओतता येत नाही, मूल ते आपल्या डोक्यात आपणच उभारतं. मला हे पटलं होतं. पण आम्हाला ते शिकवलं कसं, तर सरांनी फळ्यावर लिहून दिलं आणि आम्ही उतरवून घेतलं. परीक्षेत जसंच्या तसं लिहिणाऱ्याला सर्वांत जास्त गुण पडले.

मग आले सराव पाठ. ज्यांना ही भानगड माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. शिकाऊ शिक्षकाला एखाद्या शाळेतला खराखुरा वर्ग उसना देतात. त्यानं आधी पाठाचं टाचण काढायचं, म्हणजे मी काय विचारीन आणि मुलं काय उत्तर देतील हे दोन्ही अगोदरच लिहून ठेवायचं. मुलांची उत्तरं आदल्या दिवशी लिहून ठेवण्याची सोय दुसऱ्या कुठल्या धंद्यात नसेल. पाठाच्या सुरुवातीला दोन-चार प्रश्न विचारून मुलांना विषयाच्या जवळ आणायचं, ही प्रस्तावना. मग 'आज आपण अमुक शिकणार आहोत' असं जाहीर करायचं, हे उद्दिष्टकथन. मागच्या बाकावर कॉलेजच्या मॅडम बसून गुण देत असतात.

आता ज्या शाळेत वर्षानुवर्षं असे पाठ होतात तिथली मुलं काय कच्ची असतात? माझ्या पहिल्याच पाठाला मी घाबरून प्रस्तावनेवरून थेट उदाहरणावर उडी मारली. पहिल्या बाकावरचा एक पोट्टा हळूच म्हणाला, "सर, उद्दिष्टकथन राह्यलं." मी फळ्यावरचं पुसलं आणि उद्दिष्टकथन केलं. मॅडमनी त्याचे गुण दिले. ते खरं तर त्या पोट्ट्याचे होते.

ही शाळा राजूरची. कोळशाच्या खाणींचं गाव, त्यामुळे सकाळी कुठल्याही बाकावर बोट फिरवलं की काळं होतं. शाळेला कुणीतरी भिंतभर स्मार्ट बोर्ड दान दिला होता. मुलं त्याला 'मोठा मोबाईल' म्हणत. रोज सकाळी तो ओल्या फडक्यानं पुसायचा मान मिळावा म्हणून भांडणं होत. आमच्या टाचणात 'तंत्रज्ञानाचा वापर' असा वेगळा रकाना होता आणि त्याला वेगळे गुण होते. त्यामुळे खिडकीबाहेर कडुनिंब उभा असताना आम्ही मुलांना बोर्डावर कडुनिंबाचा व्हिडिओ दाखवत होतो.

बोर्डाची खरी जाणकार होती नुसरत. वणीची, माझ्याच गटातली. तिच्या अब्बांचं मोटर दुरुस्तीचं गॅरेज होतं आणि वायर, बटण, स्क्रू यांची तिला मुळीच भीती नव्हती. बोर्डात गणिताचा एक खेळ होता. एक एक मूल पुढं यायचं, आपला हजेरी क्रमांक दाबायचं, पडद्यावर प्रश्न आणि चार उत्तरं यायची. बरोबर उत्तराला बोट लागलं की 'टिंग' वाजायचं. चुकलं की म्हशीनं हंबरल्यासारखा आवाज यायचा. ठरलेल्या वेळेत उत्तर दिलं नाही तर पुढचा प्रश्न. तासाच्या शेवटी कुणाचं किती बरोबर याच्या हिरव्या-लाल पट्ट्या आपोआप तयार.

आमच्या पाचवीच्या वर्गात जवळजवळ सगळ्या पट्ट्या हिरव्या होत्या. अपूर्णांकांत. नुसरत खूश, मुख्याध्यापक खूश. मला झोप लागेना.

"श्रीकांतभाऊ, तुम्हाले गाडीवाल्यावर शक, पोट्ट्यांवर शक, आता मशीनवर बी शक," नुसरत म्हणाली. "भरोसा हाय तरी कशावर तुमचा?"

"तळच्या कापसावर," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मी बोर्ड पाहायचं सोडून बोर्डापुढच्या मुलांचे चेहरे पाहत बसलो. तेव्हा ध्यानात आलं की बहुतेकांचे डोळे प्रश्नावर नसतातच. बोट पहिल्या उत्तरावर, हंबरडा. दुसऱ्यावर, हंबरडा. तिसऱ्यावर टिंग, आणि पोरगा हसत जागेवर. ठरलेल्या वेळेत हवी तेवढी बोटं लावायची मुभा होती, आणि शेवटी टिंग वाजलं की पट्टी हिरवी. एकानं तर प्रश्न पडद्यावर पुरता उमटायच्या आत टिंग मिळवलं. बाकीचा वर्ग डोळे मिटून बसला असता तरी चाललं असतं, कारण सगळे फक्त ऐकत होते.

मी नुसरतला खूण केली. ती हुशार, एका नजरेत समजली. तिनं रिमोट घेतला आणि आवाज बंद केला.

पुढं आलेल्या मुलानं पहिल्या उत्तरावर बोट ठेवलं आणि कान टवकारले. काहीच नाही. त्यानं बोर्डावर चापट मारली. मग वळून म्हणाला, "सर, बिघडला." त्याच्यामागून जो येई तो हेच म्हणे. आवाज नाही म्हणजे बरोबर की चूक हे कळायला त्यांच्याकडे दुसरी काही सोयच नव्हती. कुत्रा, घंटा, कबुतर, दाणे, सगळी मंडळी आमच्या वर्गात हजर होती. ज्ञानरचनावाद तेवढा टाचणात राहिला होता.

नुसरतनं रिमोट ठेवून दिला. "अब्बा म्हणतात, हॉर्न वाजते म्हंजे गाडी चालते असं नाही," ती म्हणाली.

आता त्या वर्गात लाल पट्ट्या मोजक्याच होत्या आणि त्यांतली सगळ्यात लाल पट्टी पायलची होती. पायल जवळच्या तांड्यावरून येई. घरी आईला ती याडी म्हणे; वडील रेल्वेच्या कोळसा सायडिंगवर कामाला. ती लाजरी नव्हती. मैदानावर मुलांना फटकावून खेळायची. पण बोर्डापुढं आली की नुसती उभी राही. प्रश्न वाचे, ओठ हलवी, बोटांनी हवेत काहीतरी कापी, आणि तेवढ्यात वेळ संपे. मी तिच्याजवळ जाऊन ऐकलं. ती भाकर वाटत होती. तिघांत वाटली तर केवढा तुकडा, चौघांत वाटली तर केवढा. सगळ्या वर्गात अपूर्णांक कळलेली ती एकटी होती, आणि यंत्राच्या मते सगळ्यात ढ होती.

हे एवढ्यावर राहिलं असतं तर मी चार टोमणे मारून गप्प बसलो असतो. पण शिष्यवृत्ती परीक्षेचे जादा तास सुरू व्हायचे होते. जागा थोड्या, आणि मुख्याध्यापकांनी ठरवलं की बोर्डाच्या रिपोर्टात वर असतील तीच मुलं घ्यायची. जादा तासाला बसलेली मुलंच पुढं परीक्षेला जाणार. पायलचं नाव वगळल्यात जमा होतं.

मी त्यांच्याकडे गेलो. माणूस वाईट नव्हता, वरून येणाऱ्या माहितीच्या मागण्यांनी गांजलेला होता.

"तुम्ही म्हणता ते खरं असन," ते म्हणाले. "पण पालक उद्या मले इचारतीन, हिले घेतली आन् आमच्याले काहून नाही घेतलं. तवा मी काय सांगू, श्रीकांत सर म्हणे म्हणून? रिपोर्ट दाखवला का कोणी बोलत नाही."

"तुम्ही स्वतः तिला ऐका, सर."

त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. "तुमचा वार्षिक पाठ हाय ना शुक्रवारी? मी बसतो मांगं. तिथं ती माझ्यासमोर नीट बोलली, तं घेऊ."

वार्षिक पाठ म्हणजे आमची खरी परीक्षा. वर्षभराचे सराव पाठ एका बाजूला आणि हा एका बाजूला. नुसरतनं मला आदल्या दिवशी पुन्हा पुन्हा समजावलं. "भाऊ, आवाज चालू ठेवा. सगळे हात वर येतीन, तुम्हाले मार्क भेटतीन. पायलचं मंग पाहू." मीही डळमळलो. वडील रोज विचारत होते, पास होशील ना. पण वरच्या थरातला कापूस दाखवून गाडी पास करून घेणं मला जमलं नसतं. इतकी वर्षं मी ज्यांना परत पाठवलं ते सगळे गाडीवाले माझ्यावर हसले असते.

शुक्रवारी मागच्या बाकावर मॅडम आणि मुख्याध्यापक बसले. प्रस्तावना झाली, उद्दिष्टकथन झालं. मी बोर्ड सुरू केला, आवाज बंद केला आणि पडद्यावर प्रश्न आणला: एक छेद तीन मोठा की एक छेद चार? दोनच उत्तरं. नेहमी डोक्यावर नाचणारे हात बाकांवर पडून होते. मॅडमचं पेन थांबलं. मुख्याध्यापक खिडकीबाहेर बघू लागले. मला माझे गुण एक एक करून जाताना दिसत होते, खोटं कशाला सांगू.

पायलनं हवेत भाकर मोडली. मग हात वर केला.

"एक छेद तीन," ती म्हणाली.

माझा जीव भांड्यात पडला. मागच्या बाकावर मॅडमचा चेहरा एकदम खुलला. पाठ चालू असताना त्या कधी मध्ये बोलत नसत, पण त्या दिवशी राहवलं नसावं. मुख्याध्यापकांच्या कानी ते उत्तर गेलं पाहिजे, हेही त्यांच्या मनात असेल. त्या प्रेमानं म्हणाल्या, "काय म्हणालीस, बाळा? पुन्हा सांग बरं, मोठ्यानं."

पायलनं त्यांच्याकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मुक्या बोर्डाकडे पाहिलं.

"एक छेद चार," ती म्हणाली, मोठ्यानं.

"ते कसं?" मॅडमनी विचारलं.

"चार मोठे असते म्हणून."

मॅडमचा चेहरा मिटला. मुख्याध्यापकांनी माझ्याकडे जी नजर टाकली ती मी जिनिंगवर शेकडो वेळा टाकलेली आहे. गाडी परत पाठवायची असते तेव्हा ती टाकतात. उरलेला पाठ मी कसा संपवला ते मला आठवत नाही.

पाठानंतर मॅडम चर्चा करतात अशी पद्धत आहे. व्हरांड्यात त्यांनी मला शांतपणे सांगितलं की आवाज बंद करण्यात मी मुलांचं प्रोत्साहन काढून घेतलं आणि त्या मुलीला तर संबोधच स्पष्ट नाही. "तुम्ही शिकवण्यापेक्षा पकडण्यात जास्त रमता," असंही म्हणाल्या. ते झोंबलं, कारण पूर्ण खोटं नव्हतं. मी "हो मॅडम" म्हणालो आणि नळाकडे गेलो. तिथं पायल ताट धूत होती. नुसरतही तिथंच होती.

"पहिलं उत्तर बरोबर होतं तुझं," मी म्हणालो. आवाजात राग होता, तो लपला नाही. "बदललंस कायले?"

ती ताट विसळत राहिली. "तुम्हीच सांगा सर, बरोबर असलं तं पुन्हा कोण इचारते?"

"म्हणजे?"

"बरोबर असलं का तुमी म्हणता शाब्बास, आन् दुसऱ्याले उठवता. चुकलं का म्हणता, पुन्हा सांग. घरी याडी बी तसंच करते. पुन्हा इचारलं म्हंजे चुकलंच रायते." तिनं ताट झटकलं. "त्या मॅडमनं पुन्हा इचारलं. मले वाटलं भाकरीत काही चुकलं आपलं."

मी नुसरतकडे पाहिलं. बोर्डाचा आवाज आम्ही रिमोटनं बंद केला होता. आमचा स्वतःचा चालूच होता आणि ही पोर तो अचूक ऐकत होती. वर्षभर मी मुलांवर, यंत्रावर, उपपत्तींवर संशय घेतला, पण 'पुन्हा सांग' या आमच्या रोजच्या शब्दांवर कधी घेतला नव्हता. आणि मॅडमनी तर ते शब्द कौतुकानं वापरले होते.

"पायल," मागून आवाज आला. मॅडम हात धुवायला आल्या होत्या. बाकावरची काजळी त्यांच्या तळव्यांना लागलेली होती. किती ऐकलं कोण जाणे, पण चेहरा पडला होता. त्यांनी हात धुतलेच नाहीत. नुसरतला म्हणाल्या, "मुख्याध्यापकांना बोलाव जरा."

ते आले तेव्हा त्यांच्या तोंडात अजून पोळीचा घास होता. मॅडमनी त्यांना सगळं सांगितलं. मग म्हणाल्या, "सर, हिला आणखी एक प्रश्न विचारू द्या. पण आपण कोणी तिच्याकडे बघायचं नाही." आणि त्या चक्क वळून भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मी वळलो. नुसरत वळली. मुख्याध्यापक आजूबाजूला पाहून, "बरोबर आलं तं लिहितो हिचं नाव जादा तासाले" म्हणत, नाइलाजानं वळले.

"दोन छेद पाच मोठा की दोन छेद सात?" मॅडमनी भिंतीला विचारलं.

खिचडीची ताटं घेऊन पोरं गोळा झाली. "सरलोकायले शिक्षा भेटली काय बे?" कुणीतरी म्हणालं आणि हशा पिकला. मुख्याध्यापकांचे कान लाल झाले, पण ते वळले नाहीत. मागं ओल्या मातीवर काडीनं रेघा ओढल्याचा आवाज येत होता. मग तोही थांबला. मला वळून बघायची इतकी इच्छा झाली की मी भिंतीवरचे पोपडे बघत राहिलो. चुकली असती तर जादा तास तर गेलाच असता, पण ती पुढं कधी हात वर करणार नाही याची मला खात्री होती.

"दोन छेद पाच," पायल म्हणाली.

शाब्बास नाही, पुन्हा सांग नाही.

"बरोबर की चूक?" मॅडमनी भिंतीकडेच बघत विचारलं.

"ते तुमीच सांगसान ना."

"नाही. तूच बघ आणि सांग."

काडीचा आवाज पुन्हा सुरू झाला. ती रेघा परत मोजत असावी. बराच वेळ गेला. बोर्ड असता तर केव्हाच पुढच्या प्रश्नावर गेला असता.

"बरोबर हाय," पायल म्हणाली.

मुख्याध्यापकांची सवय. इतक्या वर्षांची, ती अशी भिंतीकडे तोंड करून थोडीच जाते? त्यांच्या तोंडून निघूनच गेलं, "नक्की का, पोरी?"

मॅडमनी डोळे मिटून घेतले.

"नक्की हाय, सर," मागून पायल म्हणाली. "आता कितीकदा इचारान? नाव लिहा."